कडेवरचं धोरण

आमच्या भाऊजींइतका स्वतःच्याच नियमांना भिणारा राज्यकर्ता भूतलावर दुसरा झाला नसेल. राज्य तसं लहानच. पंचायत समित्या नव्यानं आल्या होत्या. आमच्या तालुक्याच्या समितीत ते साधे सदस्य आणि मी, त्यांचा धाकटा मेहुणा, सभापती. "जे लोकाइले सांगाचं, ते आपुन आधी भोगून पाहाचं," हा त्यांचा बाणा. मोकाट जनावरं कोंडवाड्यात घालायचा ठराव आला, तेव्हा त्यांनी आपला बैल कोंडला आणि स्वतःही दिवसभर त्याच्या शेजारी बसले. ताई भाकरी घेऊन गेली ती बैलाशीच बोलली, "तूच समजाव रे बाबा याइले, माह्यं काही आयकत नाहीत." बैलानं मान हलवली. भाऊजींनी ते अनुमोदन समजून मुक्काम वाढवला.

मग तांड्यावरच्या शाळेचा विषय निघाला. कापूस फुटला की पोरं गायब, म्हणून ती शाळाच बंद करायची, असं मी ठरवून टाकलं होतं. भाऊजी तांड्यावर गेले. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी.

"काहून वं, शायेत नाही गेली?"

"याडी, माही माय, कापूस वेचाले गेली. याले कोन पाह्यल, तुमी?"

दुसऱ्या कुणाला हा टोमणा वाटला असता. भाऊजींना ती सूचना वाटली. मुलगी शाळेत गेली आणि भाऊजी ते पोर कडेवर घेऊन थेट सभेत आले. पोरानं दौत सांडली, माझी टोपी चघळली, मग असं भोकाड पसरलं की एकेक सन्माननीय सदस्य उठून त्याच्यापुढे किल्ल्या वाजवू लागला. भाऊजी शांतपणे म्हणाले, "सभापतीसाहेब, याची माय येयेपावतर याले तुमी घ्या. मंग खुशाल शाया बंद करा."

ठराव फिरला. वेचणीच्या दिवसांत सुट्टी, तिची भरपाई उन्हाळ्यात सकाळच्या शाळेनं. शाळा वाचली.

सही सभापतीची, म्हणून सत्कारही माझाच झाला. पुढे ते 'दूरदृष्टीचं धोरण' भाषणांतून माझ्याच नावावर चालत राहिलं, आणि भाऊजींचा किस्सा मी नुसता हसवायला सांगत आलो. आता ते नाहीत. सत्काराच्या दिवशी तीच मुलगी हार घेऊन टाचा उंचावून माझ्यासमोर उभी होती आणि भाऊजी गर्दीत अगदी मागे. वाटलं, आता खरं काय ते बोलतील. ते फक्त ओरडले, "साळेबुवा, मान खाली करा न! पोरीचा हात पुरून नाही राह्यला."