आत्याबाईंची उसण

मी जन्मले ती पायांकडून. माहेरी याचं कुणाला कौतुक नव्हतं. आई तर त्या बाळंतपणाची आठवण निघाली की अजून कपाळाला हात लावते. सासरी मात्र माझा भाव वधारला. पायाळू माणसाने पाठीवरून पाय फिरवला की उसण उतरते, असं आमच्याकडे सगळे मानतात, आणि कापसाच्या वेचणीत बायकांच्या पाठी हमखास धरतात. दिवाळीनंतर तेलगावच्या आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी पालथी पडलेली असायची आणि मी भिंतीला हात टेकून तिच्या पाठीवरून उजवा पाय फिरवत असायची. खरंखोटं देव जाणे. बायका हसत उठायच्या, एवढं खरं.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सुनेचा पाय सासूच्या अंगाला लागणं म्हणजे पाप, आणि यांची उसण तर सारखी भरणार! त्यावर तोड त्यांनीच काढली होती. मी पाय फिरवायचा, लगेच वाकून त्यांच्या पाया पडायचं आणि त्यांनी म्हणायचं, "फिटलं. जा, चहा ठिव." तेवढं म्हटल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत आणि मी जागची हलायची नाही.

मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, काही वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला होता. तोही भर चौकात, हॉटेलात, समोर भज्यांची बशी असताना. छाती दाबून आडवे झाले, अर्धं गाव धावलं आणि बरे होऊन परतले ते निवडून आल्याच्या थाटात. तेव्हापासून आमच्या घरात अटॅक म्हणजे छाती धरून पडणं, तेही गडीमाणसाने. आत्याबाई त्यांची अळणी भाजी वेगळी करायच्या, गोळ्या हातावर ठेवायच्या. तुम्हीही एकदा तपासून घ्या म्हटलं की सांगायच्या, "त्यो बाप्यांचा आजार हाय. बायांना पडायला कुठं येळ हाय?"

त्या हिवाळ्यात त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. कळशी उचलली की दम लागायचा. मळमळायचं, तर दोष वांग्याला. अंग लई जड झालंय म्हणत दुपारी लवंडायच्या, जे मी लग्न झाल्यापासून कधी बघितलं नव्हतं. जबडा ठणकायचा म्हणून तोंडात लवंग धरायच्या. दवाखान्यात चला म्हणून मी मागे लागले, तर उलट माझ्यावरच उखडल्या. "दाढंसाठी कशाला दवाखाना?"

एका सकाळी चुलीपुढून उठताना त्यांच्या पाठीत कळ आली. "उसण भरली गं. ये, पाय लाव," म्हणत त्या पालथ्या पडल्या. मी पाय ठेवला आणि माझी टाच ओली झाली. बाहेर थंडीने दात वाजत होते आणि यांची चोळी घामाने चिंब, खाली अंग गार. मी पाय काढला, वाकून पाया पडले. आत्याबाई गप्प. मी पुन्हा पाया पडले.

"आत्याबाई, फिटलं म्हना की."

त्यांनी नुसता हात डाव्या गालावर नेला. "दाढ लई दुखतीय," एवढंच पुटपुटल्या. डावीकडच्या खालच्या सगळ्या दाढा त्यांनी माझ्यादेखत काढून घेतल्या होत्या.

नसलेली दाढ कशी दुखेल? आणि या बाईने मला चहा ठेवायला सांगितलं नव्हतं! मी नवऱ्याला हाक मारून गाडी काढायला लावली. मामंजी अनुभवी माणूस, ते आडवे आले. "छातीत दुखतंय का इचार तिला." आत्याबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. "मंग उसणच हाय. न्हाईतर पित्त आसंल."

आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांवर ओरडले. "मामंजी, गाडीत बसा, न्हाईतर बाजूला व्हा!" ते मुकाट्याने बसले.

बीडच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी निघाली आणि आत्याबाईंना धावत आत नेलं. रक्तवाहिनी मोकळी करून स्टेंट बसवला. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "अटॅकच होता. बायकांनाही बहुतेक वेळा छातीत दुखतं, पण कितीतरी जणींना नुसती पाठ, जबडा, मळमळ, दम, थकवा एवढंच जाणवतं. मग घरचे ओळखत नाहीत. पाळी असेपर्यंत बाईच्या शरीराला थोडं संरक्षण असतं, त्यामुळे तिला पुरुषापेक्षा उशिरा येतो. पाळी गेली की धोका वाढत जातो." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तरुण बायकांना येतच नाही असं समजू नका. त्यांच्याबाबतीत तर कुणाच्या मनातही येत नाही."

मामंजी बाकावर उपरण्याने डोळे पुसत बसले होते. "माझ्यासाठी सारं गाव पळालं," ते म्हणाले, "अन् हिला मी पित्त म्हणलो." मला त्यांची फार माया आली.

दोन दिवसांनी भेटायला आत सोडलं तेव्हा मी आत्याबाईंच्या पायाशी गेले. म्हटलं, "त्या दिवशीचं राहिलंय." त्यांनी पाय चादरीत ओढून घेतले.

"थांब. मळ्यातनं येताना तू दम लागून बांधावर बसतीस. मला दिसत न्हाई व्हय? आदी तुजी पट्टी काढून ये. मंग फिटंल."

"आत्याबाई, मी अजून चाळिशीची पन न्हाई."

"म्हनूनच जा. डाक्टरीन म्हनली न्हवं, तुजा अटॅक कोन वळखनार हाय?"

तारा-नळ्यांत गुरफटलेली बाई, पण हट्ट तोच. मी कुरकुरत गेले. पट्टी स्वच्छ निघाली. रक्त कमी होतं म्हणून दम लागत होता, त्याच्या गोळ्या मिळाल्या. पट्टीचा कागद मी त्यांना दाखवला. आत्याबाईंना लिहितावाचता येत नाही. त्यांनी त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं, मला विचारलं, "चांगली हाय ना?" आणि मग चादरीतून दोन्ही पाय बाहेर काढले. मी कपाळ टेकवलं. पाय उबदार होते.

"फिटलं," त्या म्हणाल्या. "जा, चहा ठिव."

दवाखान्यात कुठली आलीय चूल! मी खाली टपरीवर गेले, एक चहा सांगितला आणि तो कप हातात धरून ढसाढसा रडले.