सगळं ठीक आहे, असं सांगा

पुण्यात मी जर्मन शिकले ते जर्मनीला जाण्यासाठी. कॉलेज सांभाळून, सकाळी सातच्या बॅचला, डिसेंबरच्या थंडीत कुडकुडत स्कूटीवरून जायचे. एकेक परीक्षा देत अगदी वरच्या पायरीपर्यंत पोहोचले. मग लग्न झालं आणि नवऱ्याला प्रोजेक्ट मिळालं ते योकोहामाचं. सासरी सगळे म्हणाले, "परदेश तो परदेश, काय फरक पडतो?" काय फरक पडतो! इतक्या वर्षांच्या घोकंपट्टीवर पाणी पडलं आणि मी विमानात बसून जपानीची बाराखडी गिरवत होते. तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

जपानी आली यथावकाश, कुरकुरत का होईना. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी वॉर्ड ऑफिसातल्या परदेशी लोकांच्या मदतकेंद्रात दोन दिवस बसायला लागले. इथे अशा अर्धवेळ कामाला बाइतो म्हणतात. मी हिंदी आणि इंग्रजीसाठी होते. एक दिवस साहेबांनी विचारलं, कुणाला जर्मन येते का? माझा हात वर गेला. सगळ्या ऑफिसने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सासरचे दागिने विकायला काढले होते. भारतीय बाईला जर्मन कशाला येईल, हा प्रश्न इतक्या सभ्य चेहऱ्यांवर मी त्याआधी पाहिला नव्हता.

जिच्यासाठी विचारणा होती ती आजी पंच्याऐंशीच्या पुढची. जन्म जर्मनीतला, युद्ध सुरू झालं त्या सुमाराचा, आणि गाव पुढे जाऊन भिंतीच्या पूर्वेला, कम्युनिस्टांच्या बाजूला पडलेलं. तिकडे कारखाना उभारायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरशी तिने लग्न केलं. परवानगी मिळेपर्यंत दोघांचे केस पिकायची वेळ आली होती म्हणे. मग इथे आली, अर्धं आयुष्य काढलं, मासेवाल्याशी जपानीत हुज्जत घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा गेला. आणि आता आठवण जायला लागली, तर सगळ्यात आधी तिची जपानी गेली. मागे उरली ती जर्मन.

घरात एकच मुलगी, पन्नाशीला टेकलेली, नोकरी करणारी. तिला जर्मनचा एक शब्द येत नाही, कारण आईने तिला मुद्दाम शिकवली नव्हती. का, असं मी एकदा आजीला विचारलं. "त्या भाषेत तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं," ती म्हणाली. त्यामुळे मायलेकी एका घरात राहून हातवाऱ्यांवर दिवस काढत होत्या. गुरुवारी मुलीला सुट्टी असायची, त्या दुपारी मी जायचे, म्हणजे दोघींना निदान बोलता यायचं.

पहिल्या गुरुवारीच मी हैराण झाले. भर ऑगस्ट, बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि या बाईने खिडक्या बंद केलेल्या, पडदे ओढलेले, टेलिफोनवर उशी ठेवलेली. रेडिओवर बेसबॉलची मॅच मोठ्याने लावलेली. मी खिडकी उघडायला गेले तर माझा हात धरून कुजबुजली, "आधी रेडिओ, मग बोलणं. शेजारी ऐकतात." शेजारी जपानी आजोबा होते. त्यांना कानाला यंत्र लावूनही ऐकू येत नसे. मी हे तिला पाच-सहा वेळा सांगितलं असेल. तिने मान डोलावली आणि रेडिओ आणखी मोठा केला. मी घामाने निथळत घरी यायचे आणि नवऱ्याला म्हणायचे, पुढच्या गुरुवारी मी जाणार नाही.

पण जायचे. कारण रेडिओच्या आड ती जे बोलायची ते मला पुण्यात कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. तिच्या आजोबांकडे गावचं पोस्ट होतं. भिंतीवर त्या माणसाची, हिटलरची, तसबीर. युद्ध हरल्याची बातमी आली तशी आजोबांनी ती उतरवून चुलीत घातली. आजोबा खिळाही उपटायला निघाले, तर तिची आई म्हणाली, "खिळा राहू द्या, लागेल." आणि लागलाच. थोड्या दिवसांनी त्याच खिळ्यावर मिशीवाल्या दुसऱ्या एकाची, रशियनांच्या पुढाऱ्याची तसबीर आली. "माणसं तीच होती," आजी म्हणायची. "आदल्या वर्षी पहिल्याला सलाम ठोकणारीच माणसं." उकडलेले बटाटे कुणी हिसकावू नयेत म्हणून गादीत शिवून ठेवायच्या गोष्टी ती सांगायची. आजही ती कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, आणलेले भाताचे गोळे सोफ्याच्या गाद्यांमागे दडवून ठेवायची. मुलगी ते वास आल्यावर शोधून काढायची आणि बाथरूममध्ये जाऊन रडायची.

त्याच वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीला एक काका भेटले. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले होते. मी जर्मनची दुभाषी म्हटल्यावर खूश होऊन म्हणाले, "वा! हिटलरचा देश! काय शिस्त होती! आपल्याकडेसुद्धा असा एक हवा होता बघा." वयाने मोठे, हातात मोदक, काय बोलणार? मी म्हटलं, "काका, तुम्ही घरात रेडिओ न लावता बोलता ना? मग राहू द्या." त्यांना काही कळलं नाही. घरी येताना नवरा म्हणाला, सणासुदीला कशाला वाद घालतेस. मागच्या सीटवरून मुलगी जपानीत म्हणाली, आई ओरडली नाही, नुसती बोलली. घरात तेवढी एकच माझ्या बाजूची.

आजीच्या सगळ्या गोष्टींत एक मैत्रीण सारखी यायची. चर्चच्या गायनवर्गातली. दर आठवड्याला कॉफीला यायची, केक आणायची, जपानी इंजिनिअरबद्दल हौसेने विचारायची. भिंत पडल्यावर कितीतरी वर्षांनी आजीला कळलं, की ती बाई ऐकलेलं सगळं वर, गुप्त पोलिसांना कळवत होती. लग्नाची परवानगी अडली ती त्याच कॉफीपायी. "केक छान करायची," आजी म्हणायची.

इकडे मुलीचे हाल बघवत नव्हते. आजीने किटली गॅसवर ठेवून दोनदा जाळली. एका पहाटे घरातल्या सपाता घालून स्टेशनवर जाऊन उभी राहिली, सीमेवरची गाडी कधी येते असं जर्मनमध्ये विचारत. गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाला तिने आत घेतलं नाही, कारण त्याच्या हातात कागद होते. मुलगी रात्ररात्र जागी आणि सकाळी ऑफिसात. नोकरी सोडायच्या बेताला आली होती. उपाय एकच होता, सरकारी मदत मिळवायची. त्यासाठी वॉर्ड ऑफिसचा तपासनीस घरी येतो, म्हाताऱ्या माणसाला प्रश्न विचारतो, काय जमतं काय नाही ते बघतो, आणि त्यावर ठरतं मदत किती मिळणार ते. म्हणजे घरी मदतनीस किती वेळा येणार आणि दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी किती दिवस न्यायला येणार. मुलीची सगळी भिस्त या एका भेटीवर. आणि दुभाषी मी.

तपासनीस आला. तरुण, मवाळ, मोजे पांढरेशुभ्र. आजी त्या दिवशी मोत्यांची माळ घालून, केस विंचरून, ताठ बसली होती. मी तिला असं कधीच पाहिलं नव्हतं. त्याने विचारलं, आज वार कोणता? बरोबर सांगितला. ऋतू? बरोबर. उठता येतं? झटकन उठून दाखवलं. जेवण? वेळेवर. झोप? उत्तम. रस्ता चुकता का? "छे, कुठे जाते मी?" प्रत्येक उत्तराच्या शेवटी हसून एकच वाक्य, सगळं ठीक आहे, असं सांगा. सरकारी माणसासमोर काही म्हणजे काही बोलायचं नाही हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. जपानी विसरली, नवऱ्याचं नाव विसरली, हे विसरली नाही. मी एकेक वाक्य जपानीत करत होते आणि माझ्या जिवाचा संताप होत होता. कारण मदतीचे दिवस डोळ्यांदेखत एकेक करून कमी होत होते. आणि मुलगी? मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून गप्प!

मग त्याने विचारलं, गॅस चालू राहतो का कधी?

"कधीच नाही," आजी म्हणाली.

मी "कधीच नाही" असं सांगितलं, आणि माझं तोंड सुटलं. "खोटं आहे हो हे! परवा किटली जाळली. त्याआधी एक जाळली. स्टेशनवर सापडल्या सपाता घालून. सोफ्यामागे बघा, भात सापडेल तुम्हाला!"

आपल्याकडे हे असंच असतं. डॉक्टरांसमोर पेशंटने तोंड उघडायच्या आत घरचे सुरू होतात. माझी मावशी काकांना डॉक्टरकडे न्यायची आणि त्यांच्या समोर म्हणायची, "ऐकत नाहीत हो, लपून जिलबी खातात, गोळ्या कुंडीत टाकतात." काका हसायचे, डॉक्टर रागवायचे, आणि तिघं मिळून चहा प्यायचे. समोरच्या माणसाबद्दल त्याच्यादेखत सगळं सांगून मोकळं होणं ही आमच्याकडची माया आहे. मला दुसरी येत नाही.

तपासनीस लिहू लागला. मुलीने डोळे मिटले. मला वाटत होतं आजीला काही कळलेलं नाही, मी जपानीतच तर बोलले होते. पण तिच्या दोन शब्दांनंतर मी किती बोलले ते तिने पाहिलं होतं, आणि आता ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखादा हिशेब शेवटी जुळावा तशी. मग जर्मनमध्ये, अगदी नम्रपणे म्हणाली, "असं होय. तुम्ही त्यांच्याकडून येता." त्या दिवसापर्यंत ती मला 'तू' म्हणत असे.

बाहेर लिफ्टपाशी मुलीने मला सांगितलं, की हे सगळं ती तपासनिसाला दाराबाहेर सांगणारच होती. इथे तसंच करतात. म्हाताऱ्या माणसाला समोर काही बोलायचं नाही, त्याचा मान ठेवायचा, आणि निरोप द्यायला म्हणून बाहेर येऊन खरं ते सांगायचं. तपासनीसही त्याची वाट बघत असतात. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. या देशाचं मला सगळ्यात जास्त डोकं फिरवणारं वाक्य हेच आहे. कुठून माहीत असणार? कुणी सांगितलं? आणि दाराआड कुजबुजणं हा मान, तोंडावर बोलणं ही चहाडी, हा कुठला न्याय? मी स्टेशनपर्यंत मनातल्या मनात भांडत गेले. ट्रेनमध्येही भांडत होते.

मदत मिळाली, हवी होती तेवढी. सकाळी गाडी येते, आजी केंद्रात जाते, मुलीची नोकरी टिकली, ती झोपू लागली. तिने मला मोठी मिठाईची पेटी दिली आणि इतकी वाकली की मलाच अवघडल्यासारखं झालं. मी जे केलं ते पुन्हा करीन. हे मी ठणकावून सांगते, कुणी विचारलेलं नसलं तरी.

गुरुवारी केंद्राची गाडी नसते, म्हणून मी अजून जाते. आजी दार उघडते, कॉफी देते, 'तुम्ही' म्हणते. रेडिओ बंद असतो. खिडक्या उघड्या, पडदे बाजूला, छान वारा येतो. कारण आता ऐकू जाऊ नये असं ती काही बोलतच नाही. खुर्चीत ताठ बसते आणि मी वर कळवावी म्हणून माहिती देते. सूप प्यायले. कुंड्यांना पाणी घातलं. तब्येत उत्तम. सगळं ठीक आहे, असं सांगा. सुरुवातीला मी चिडायचे. एकदा तर ओरडले, "आजी, मी तुमच्यासमोर बोलले! समोर! तुमच्या त्या मैत्रिणीसारखी मागून नाही!" ती शांतपणे म्हणाली, "कुठली मैत्रीण? माझी कुणी मैत्रीण नाही," आणि माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. मुलगी स्वयंपाकघरातून आनंदाने बघते. तिला वाटतं, आई हल्ली किती मोकळेपणी बोलते.

मागच्या गुरुवारी तशीच माहिती देऊन झाली. मी पर्स उचलली. आजीने उठून खिडकी लावली, पडदा ओढला. रेडिओ लावला. किती महिन्यांनी लावला! मी पर्स खाली ठेवली. ती माझ्याजवळ वाकली.

"तुमची वर ओळख आहे, म्हणून विचारते," ती कुजबुजली. "एक भारतीय मुलगी माझ्याकडे गुरुवारी यायची. फार चिडकी होती, पण तिच्याशी बोलायला बरं वाटायचं. बरेच दिवस आली नाही. तिला माझ्यामुळे काही झालं नाही ना? तेवढं विचाराल?"

"विचारते," मी म्हटलं.