कुंकू लागलेले डॉलर

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की माझ्या सासूबाईंनी सिंगापूरच्या विमानतळावर, बॅगा पट्ट्यावर येण्याआधीच, असा ठराव एकमताने मंजूर केला की या मुक्कामात त्या जावयाचा एक सेंटही स्वतःवर खर्च होऊ देणार नाहीत. ठरावाच्या सूचक त्या, अनुमोदकही त्याच. मी हजर होतो, पण मला मताधिकार नव्हता.

लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही, ही त्यांच्या आईच्या वेळची रीत. सासूबाईंनी तिच्यात थोडी सवलत काढली होती. घरात शिजलेलं चालेल, कारण डाळी, पोहे आणि मेतकूट त्यांनी पुण्याहून आणलंच होतं. घराबाहेर मात्र पै न पै त्यांची. शिवाय शनिवारी आम्हा दोघांना बोटीने पुलाउ उबीन बेटावर न्यायचं, तिथे भाड्याच्या सायकलींवर फिरवायचं आणि नारळपाणी पाजायचं, हे सगळं त्यांच्यातर्फे. या मोहिमेसाठी त्यांच्याकडे शंभर शंभरच्या तीन अमेरिकन नोटा होत्या. पुण्याच्या बँकेतला माणूस ट्रॅव्हलर्स चेक घ्या म्हणत होता. "सही केलेल्या कागदाला मी पैसे म्हणत नाही," असं त्याला सांगून त्यांनी नोटाच घेतल्या.

घेतल्या त्या दिवाळीच्या आधी. आता घरात आलेला पैसा, तोही परदेशी, लक्ष्मीपूजनाला पाटावर न मांडता कपाटात कसा ठेवायचा? मांडला. तिन्ही नोटांना हळदकुंकू लावलं, वर अक्षता, वर झेंडूचं फूल. एका नोटेवरच्या लांब केसांच्या गृहस्थाला तर कुंकू नेमकं कपाळावर लागलं होतं.

मी तेव्हा चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. दिवसभर कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे करायचो, पण पडद्यावर, आणि पडद्यावरच्या डॉलरला कुंकू लागत नाही. त्यामुळे मी बिनधास्तपणे सासूबाईंना आंग मो किओ स्टेशनपाशी, आमच्या घराजवळच्या मनी चेंजरकडे घेऊन गेलो. काचेमागच्या मुलीने नोटा उजेडात धरल्या आणि तशाच परत सरकवल्या.

"सॉरी आंटी, कॅनॉट. शाई लागलीय."

"सांगा तिला, शाई नाही, कुंकू आहे," सासूबाई मला म्हणाल्या.

मी सांगितलं. कुंकू कशाचं असतं ते मुलीने विचारून घेतलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "कॅनॉट."

तिथून उपोषण सुरू झालं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, आम्ही कॉफी घेत असू आणि सासूबाई घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी पीत असत.

"आई, मी देतो. नोटा बदलल्या की परत करा," मी म्हणालो.

"जावयाचं कर्ज? एवढी वेळ अजून आलेली नाही."

शनिवार जवळ येत होता. शुक्रवारी सकाळी बायकोने धीर करून एक नोट साबणाच्या फेसाने हलकेच पुसली. कुंकू जरा फिकटलं, पण हळदीला साबण लागताच जिथे पिवळं होतं तेही लाल झालं. नोटेने मळवट भरल्यासारखं दिसत होतं.

"अगं, हळदीला साबण?" सासूबाई म्हणाल्या. "केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालीस ना तू?"

"नोटेची केमिस्ट्री नव्हती गं आम्हाला."

संध्याकाळी तिघं कुंकू ओळखणारा मनी चेंजर शोधायला लिटल इंडियाला निघालो. एमआरटी रेल्वेच्या तिकिटावरून दारातच वाद झाला. शेवटी हे तिकीट सासूबाईंचं नसून नोटांचं आहे, असा निकाल मी दिला आणि तो कसाबसा मान्य झाला.

तिथल्या एका गाळ्यात भस्म लावलेले वयस्कर तमिळ गृहस्थ बसले होते. डोक्यावर लक्ष्मीची तसबीर, तिला ताजा हार. त्यांनी पहिल्या दोन नोटा पाहिल्या, हुंगल्या आणि डोळ्यांना लावल्या.

"दीपावली पूजा?"

"येस," सासूबाई म्हणाल्या आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

कॅल्क्युलेटरवर पूर्ण भाव उमटला. एका अमेरिकन डॉलरला सिंगापूरचे एक डॉलर सत्तर सेंट. मग तिसरी नोट आली.

"हे काय झालं?"

"बायकोने धुतली," मी म्हणालो.

"कुंकवाचं मी माझ्या बँकेला समजावेन, ब्रदर. साबणाचं कसं समजावू? हिचे आठ डॉलर कमी."

सासूबाईंनी तसबिरीकडे बोट केलं. "विचारा त्यांना, देवीच्या खाली बसून कमी भाव देतात?"

मी ते बरंच मऊ करून सांगितलं. गृहस्थ शांतपणे म्हणाले, देवी रोज संध्याकाळी त्यांचा गल्ला बघते.

 पैसे घेऊन सासूबाई बाहेर फुटपाथवर आल्या आणि हारवाल्याच्या टपरीला टेकून हिशेब करू लागल्या. बोट, नारळपाणी, येण्याजाण्याचं भाडं, परतीच्या दिवसापर्यंतची कॉफी, पुण्यात सगळ्यांना वाटायच्या भेटवस्तू. सगळं बसत होतं. एक सायकल तेवढी बसत नव्हती.

"चूक माझी आहे, आई," बायकोने पर्स उघडली. "हे घे आठ."

"लेकीकडून पैसे घेऊ?"

"मग जावयाकडून?" मला राहवलं नाही.

माझ्याकडे नुसतं पाहिलं गेलं.

"मग आई, उद्या मी एकटाच सायकल चालवतो," मी म्हणालो. "ही मागून पळत येईल."

 एकीकडे रीत, दुसरीकडे नुकसानभरपाई, आणि नुकसान करणारी नेमकी पोटची मुलगी. सासूबाईंनी पर्सकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि हारवाला ओवायचा थांबेल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"पाच मिनिटं तू माझी मुलगी नाहीस. आण इकडे आठ डॉलर."