तिवरांची राखी

सुनंदाबाईंना समुद्राचं वेड आहे असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, आणि ते काही कौतुकाने नाही. बदलापुरात, कात्रपमधल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला समुद्राचं काय पडलंय? त्या म्हणायच्या, बदलापूरच्या मोरीतलं पाणी नदीतून खाडीला आणि खाडीतून समुद्रालाच जातं, तेव्हा किनारा आपलाही आहे. तिवरांवर, म्हणजे खाडीतल्या खारफुटीवर, बोलायला लागल्या की त्यांना घंटा ऐकू यायची नाही. तिवर हवेतला कार्बन ओढून मुळांखालच्या चिखलात गाडून ठेवतं, तो शेकडो वर्षं तिथे राहतो आणि तिवरं तोडली की पुन्हा हवेत येतो, हे त्यांनी आमच्या शिपायाकडूनही पाठ करून घेतलं होतं.

गेल्या पावसाळ्यात परवानगी काढून त्यांनी आठवीच्या मुलांना कल्याणच्या पुढे खाडीवर नेलं आणि तिवरांची रोपं लावून घेतली. मुख्याध्यापक विनीत सरांच्या मते ही नसती उठाठेव होती. रोपं जगली तरच पुढच्या वर्षी मुलं न्यायची, असं त्यांनी बजावलं. बाईंचा सगळा जीव त्या रोपांत अडकला.

आमच्याकडे राखीपौर्णिमेला शाळेतल्या जांभळाला राखी बांधायची पद्धत आहे. त्या वर्षी मुलांनी हट्ट धरला, या वेळी आपल्या तिवरांना बांधू. बाई विरघळल्या. ओवी नावाची मुलगी वर्गात कधी तोंड उघडायची नाही, तिने सगळ्यांत मोठी राखी आणली, स्पंजची, झिरमिळ्यांची. वीतभर रोपाला ती फेट्यासारखी दिसत होती. फोटो निघाले. ते बघून सरसुद्धा हसले.

पौर्णिमेला उधाणाची भरती येते हे बाई दरवर्षी शिकवत. त्या दिवशी नेमकं तेच डोक्यात आलं नाही. पाण्याबरोबर खाडीतला कचरा आला; पिशव्या, चिंध्या राख्यांत अडकल्या आणि ओहोटीने रोपं ओढून काढली. पुढच्या आठवड्यात मी बाईंबरोबर गेले तेव्हा बहुतेक रोपं चिखलात आडवी होती. राख्या कमी पडल्या म्हणून शेवटची ओळ तशीच राहिली होती. ती ताठ उभी होती.

विनीत सर म्हणाले, कंपन्यांच्या पाण्यावर ढकला, कोण विचारतंय? मलाही ते पटलं, खरं सांगते. नदीत काय काय सोडतात ते शेंबडं पोरही जाणतं. पण बाई हट्टी. वर्गात उभ्या राहून त्यांनी भरती, कचरा, राखी, सगळं जसंच्या तसं सांगितलं.

ओवी पहिल्यांदाच आपणहून उभी राहिली. "बाई, म्हणजे आम्ही राखी बांधली नसती तर रोपं जगली असती?"

"हो," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला बांधू दिली मी. चूक माझी आहे."

मुलांनी त्या ‘हो’च्या पुढचं काही ऐकलंच नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं. सरांनी खाडीची सहल बंद केली. बाईंनी एकदाच विनंती केली. वर्गात आता नेमलेलं तेवढंच शिकवतात आणि घंटा झाली की थांबतात.

यंदा राखीपौर्णिमेला मुलं पुन्हा जांभळापाशी रांगेत उभी राहिली. ओवीचा नंबर आला. साधा दोरा होता तिच्या हातात. तिने तो खोडाला लावला, काढून घेतला आणि मागे वळून विचारलं, "बाई, हे तर नाही ना मरणार?"