प्लॅटिपसवाली डॉक्टर

सुई टोचण्याआधी नलिनी प्रत्येक पेशंटला प्लॅटिपसची गोष्ट सांगायची. समोर सॉफ्टवेअरवाला असो की बस चालवणारी बाई, गोष्ट तीच. इरा, नील, तुम्ही मेलबर्नला राहता, तुम्हाला बदकासारख्या चोचीचा हा प्राणी माहीत आहे. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूत बहुतेकांनी तो फक्त चित्रात पाहिलेला. "पाण्यात शिरला की तो डोळे मिटतो, कान मिटतो, नाकसुद्धा मिटतो," ती सांगायची. "मग शिकार कशी सापडते? चोचीनं. दगडाखाली झिंगा शेपूट हलवतो तेव्हा त्याच्या स्नायूत कणभर वीज होते. ती याच्या चोचीला कळते. माझी सुई म्हणजे त्याची चोच आणि तुम्ही झिंगा. आता हात सैल सोडा."

माणूस हसायचा. तेवढ्यात सुई आत गेलेली असायची.

नलिनी आमची शेजारीण. मूळची नागपूरची, नसांची आणि स्नायूंची डॉक्टर. तिच्या सुईची तार एका यंत्राला जोडलेली असे आणि स्नायूतली वीज त्या यंत्रातून ऐकू येई. निरोगी स्नायू सैल सोडला की यंत्र गप्प बसतं, आवळला की खरखरतं. नलिनी पडद्याकडे फार बघायची नाही. मान किंचित कलती करून ऐकायची.

मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तिच्या ताटाशेजारी कुणाचं ना कुणाचं मनगट असायचंच. "काकू, जरा बघा ना, बोटांना मुंग्या येतात." ती डाव्या हातानं अंगठ्याचं मूळ दाबून बघायची. "मनगट मुडपून झोपतोस ना? पट्टा बांध. आणि मला जेवू दे, बाप्पा!" एवढं ती करायची, पण ओळखीच्या माणसाची सुईची तपासणी कधीच नाही. त्यांना ती दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायची. "परक्याला माझा चेहरा वाचता येत नाही," म्हणायची.

तुमच्या आजोबांना शर्टाची बटणं लावता येईनात, पोटरीचं मांस आपोआप उडायला लागलं, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली. आजोबा थेट नलिनीच्या दारात.

"भाऊजी, मी नाही करणार. दुसऱ्यांची नावं देते."

"परक्यासमोर अर्ध्या चड्डीत झोपू? आपलं माणूस असताना?"

"म्हणूनच नको म्हणते. मला लपवता येत नाही."

"लपवण्यासारखं आहे काय त्यात? मानेची शीर दबली असेल."

आपलं माणूस म्हटलं की परदेशात कुणालाच नाही म्हणता येत नाही. तिनं केली.

आजोबांचं जाकीट मांडीवर घेऊन मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. हातापासून सुरुवात झाली. नलिनीनं गोष्ट काढली. प्लॅटिपसनं डोळे मिटले, कान मिटले. यंत्रातून पत्र्यावर थेंब पडावेत तसा आवाज यायला लागला. तिनं सुई पोटरीत घातली. तोच आवाज. मग मांडीत, मग पाठीत. गोष्ट केव्हाच थांबली होती.

"नलू, झिंगा सापडला की नाही?" आजोबांनी विचारलं.

"सैल सोडा, भाऊजी."

"सैलच सोडलंय."

तिनं मान हलवली. ते तिला माहीत होतं.

नंतर तिनंच त्यांच्या शर्टाची बटणं लावली. "रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांकडे जाईल," ती म्हणाली.

"तू काय सांगशील?"

तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. "एएलएस आहे, भाऊजी. स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरताहेत. अजून एका डॉक्टरांना दाखवू, पण मला शंका नाही. हे बरं होत नाही."

"गाडी?"

"आजपासून नको."

आजोबांनी खिशातून किल्ली काढून माझ्याकडे दिली. खोलीबाहेर आल्यावर मी नलिनीला म्हटलं, "दोन दिवस तरी द्यायचे होतेस त्यांना."

"ते दोन दिवस मलाच मिळाले असते, ताई. त्यांना नाही."

मला तिचा फार राग आला. तरी ती दर रविवारी येत राहिली. आधी आजोबांना मऊ भात भरवायला, पुढे गिळणं बंद झालं तेव्हा नुसती बसायला. आजोबांचा आवाज शाबूत होता तोवर तिनं तुमच्या बाबांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं आणि आजोबांच्या तोंडून वदवून घेतलं: श्वासाचं मशीन लावायचं नाही. तुमचे बाबा रडत होते, रागावले होते. "मावशी, तुम्ही त्यांना घाबरवलंय," म्हणाले. नलिनी म्हणाली, "घाबरलेतच ते, समीर. म्हणून आत्ता विचारायचं."

आजोबा गेले तेव्हा तुमचे बाबा वाटेतल्या विमानतळावर अडकले होते. फोन आला. मी सांगितलं. पलीकडून एवढंच: "आई, शेवटी त्रास झाला का त्यांना?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. रात्रभर आमच्यासोबत बसलेल्या नलिनीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"झाला, समीर. पहाटेपर्यंत श्वासासाठी झगडत होते. मग औषध वाढवलं, तेव्हा शांत झाले. आईचा हात धरून होते."

मग ती फोन कानाला लावून उभी राहिली आणि तुमच्या बाबांचं रडणं ऐकत राहिली. मध्येमध्ये फक्त "हं" म्हणायची, ती अजून तिथं आहे हे त्यांना कळावं म्हणून.

तुमचे बाबा त्या दिवसाबद्दल माझ्याशी कधी बोललेले नाहीत. पण दर शनिवारी ते मला फोन करतात, "आई, बरी आहेस ना?" विचारतात, आणि मी बरी आहे म्हणते. फोन ठेवला की जरा वेळानं शेजारच्या घरात नलिनीचा फोन वाजतो. तोही तुमच्या बाबांचाच.