तळहातावरची रीसलिंग

प्रताप नगरात लग्न कोणाच्याही घरी असो, आमच्या शेजारच्या भाऊंनी स्वयंपाक चाखल्याशिवाय पंगत बसत नसे. ते डोळे मिटून भुवया नाचवत, आणि वधूपित्याचा जीव टांगणीला लागे. एरवी हे कोराडीच्या वीजकेंद्रात कारकून.

तिथे यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. एका संध्याकाळी त्याने केंद्रातल्या आम्हा मोजक्यांना, भाऊंसकट, सदर भागातल्या आपल्या बंगल्यावर बोलावलं आणि आपल्या वडिलांनी केलेली रीसलिंग नावाची वाइन पाजली. गोडवा नावालाही नाही! काढा प्यायल्यासारख्या चेहऱ्यांनी आम्ही "व्हेरी गुड" म्हणालो. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. त्याने शेवटच्या आशेने भाऊंपुढे पेला धरला.

"चाखाच्या वेळी भांड्याले तोंड नाही लावत गा मी," भाऊ मला म्हणाले. "तळहातावर ओताले सांग त्याले."

त्याने ओतली. भाऊंनी हुंगली, सुर्रकन ओढली, डोळे मिटले.

"आंबट हाये."

नुसता सूर ऐकूनच जर्मन खचला.

"पण वास काय हाये गा! बाजूले कोणी मोसंबी सोलून राहिलं जसं. गिळली तरी जीभ सोडून नाही राहिली. सांग त्याले, तुह्या बापाच्या हाताले चव हाये."

मी सांगितलं. जर्मनाने डोळे पुसले, पेला बाजूला ठेवला आणि आपलाही तळहात पुढे केला. मग आम्हालाही करावाच लागला. भाऊ बाटली घेऊन रांगेने वाढत निघाले, आणि आमच्या चीफ इंजिनिअरसाहेबांनी घोट घेऊन ओला हात भक्तिभावाने डोक्यावरून फिरवला.