रस्सा खाली, बट्टी वर

ट्रंक एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईला 'एखादा किस्सा सांग ना' असं कधी म्हणू नये. एक सांगून ती थांबत नाही. अकरा वर्षं मी कानाला हेडसेट लावून बसले. लोक लग्नं जमवायचे, मोडायचे, केळीचे ट्रक भरायचे, भावाभावांत भांडायचे, आणि आम्ही पोरी त्यांचे फोन जोडत मधोमध बसलेल्या. दुसऱ्याचं ऐकायचं नाही असा नियम होता. ऐकू येणार नाही असा नियम कोण करणार? तर असे किस्से आपोआप साठत जातात.

पण आज दुसऱ्यांचे सांगत नाही. आमचेच सांगते, आणि सगळे एकाच पदार्थाचे. त्या पदार्थावर माझी नोकरी टांगलेली होती, म्हणून नीट ऐका.

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे एसटीडी अजून आलं नव्हतं. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं, जळगावात घर. सासरे, म्हणजे नाना, अमळनेरकडच्या खेड्यातले, कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमी करून घरी बसलेले. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या माळकरी. शिवाय आमचे हे आणि कॉलेजातले दोन दीर.

नानांचं म्हणणं एकच. संध्याकाळचं जेवण सुनेच्या हातचं, गरम, साडेआठच्या ठोक्याला, सगळ्यांनी मिळून. माझी ड्यूटी बारा ते सात. सायकल हाणत घरी यायला सात वीस. त्यानंतर सहा माणसांचं कालवण आणि खानदेशी भूक असलेल्या चार पुरुषांच्या भाकरी. इतर दिवशी कसंबसं उरके, पण बुधवारी, कोंबडीच्या दिवशी, जमेना. एकदा पानं वाढायला साडेनऊ झाले तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "दिवाळीपर्यंत देखू. जमनं तं जमनं, नही तं नोकरी सोडी दे."

तेव्हा आषाढ चालू होता. माझ्या हातात चार महिने.

मला नोकरी सोडायची नव्हती. पगाराचं सोडा. हेडसेट लावून "जळगाव बोलतेय" म्हटलं की पार मद्रासपर्यंतचा ऑपरेटर माझ्याशी मानानं बोलायचा. ते मला फार आवडायचं. अजून आठवलं तरी बरं वाटतं.

*

आमची दोस्ती लाइनवरची. भुसावळला डोरीन, धुळ्याला शैला, जळगावला मी. तिघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, पण कोणाची सासू काय म्हणाली हे तिघींना ठाऊक. डोरीन रेल्वे कॉलनीत वाढलेली, वडील गार्ड. माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "अगं, रोटी करायची कशाला? चिकन कॉब्लर कर. रस्सा खाली, पीठ वर, ओव्हनमध्ये ठेव आणि तू हातपाय धुऊन ये. आमची मम्मी ड्यूटीवरून आली की हेच करायची."

मग तिनं कृती सांगायला घेतली. मैदा, चिमूटभर खायचा सोडा, तूप, दही घालून सैलसर भिजवायचा आणि शिजलेल्या कोंबडीवर चमच्यानं गोळे सोडायचे. मी लिहीत होते, मध्ये कॉल जोडत होते. त्या गडबडीत बोर्डावर रावेरच्या एका केळीवाल्या शेठच्या लाइनचं बटण उघडंच राहिलं, आमचं सगळं त्यांना ऐकू जात होतं. बिचारा दिल्लीच्या कॉलसाठी दीड तास थांबला होता. मी घाबरून म्हटलं, "सॉरी शेठ, दिल्ली देते."

शेठ म्हणाले, "दिल्ली राहू द्या हो ताई. ते दही किती घ्यायचं, तेवढं पुन्हा विचारा."

*

शैला धुळ्याहून ऐकत होती. तिच्या हाताशी कागद नव्हता, म्हणून तिनं कॉलच्या तिकिटांवरच लिहून घेतलं. एका तिकिटावर एक जिन्नस. नंबर, गाव, वेळ लिहायची ती छापील तिकिटं. संध्याकाळी तो गठ्ठा बाकीच्या तिकिटांबरोबर तपासणीला गेला.

दुसऱ्या दिवशी तिच्या सुपरवायझरबाईंनी तिला बोलावलं. त्यांच्या हातात एक तिकीट होतं. "शैला, एरंडोलच्या या कॉलवर 'दोन चमचे तूप' लिहिलंय. हे कोणाला दिलंस?"

शैलाला वाटलं, आता मेमो मिळणार. तिनं खरं ते सांगून टाकलं. बाईंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "मग बाकीची तिकिटं पण शोध. तुपावरून काय कळणार मला?"

*

ओव्हन आणला तो प्रदर्शनातून. तेव्हा मिळायचा तसला गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणावर वाटीएवढी काच. घरी आणला आणि अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. कोंबडी आमच्या स्वयंपाकघरात येत नसे. तिची चूल अंगणात, तिची भांडी वेगळी, तिचा चमचासुद्धा बाहेरच्या खिळ्याला. "जे कोंबडीचं, ते बाहेर," अक्का म्हणाल्या. "वीज लागो की लाकडं लागोत."

म्हणून ओव्हन अंगणातल्या ओट्यावर, आणि घरातल्या रेडिओच्या प्लगपासून वायर ओढलेली. पहिल्या बुधवारी तो लावला तर गल्लीतली निम्मी पोरं काचेला डोळे लावून बसली. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. त्यांना नुसत्या पोरांच्या पाठी दिसत होत्या. त्यांनी आत आवाज दिला, "अक्का, टीव्ही घेतला नि सांगितलं पण नाही?"

*

पहिला कॉब्लर मी डोरीनच्या शब्दाबरहुकूम केला. पांढरा सॉस, मिरपूड, मटार, वर सोनेरी गोळे. दिसायला असा सुरेख की मीच दोन मिनिटं बघत राहिले. साडेआठला पाच कमी. नाना पाटावर बसले. मी ताट पुढे ठेवलं. त्यांनी गोळा बाजूला केला, खालचं पांढरं बघितलं, सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं.

"घरमा आजारी कोन शे?"

धाकटा दीर हसून हसून पाणी प्यायला उठला. मी मात्र त्या रात्री रडले. नंतर स्वतःवरच चिडले. कांदा-खोबरं भाजून वाटलेला काळा मसाला घरात असताना मी पांढऱ्याच्या नादी लागलेच कशाला?

पुढच्या बुधवारी खाली आपला झणझणीत रस्सा केला, वर दोन बोटं तर्री. मसाला सकाळीच वाटून ठेवलेला, कोंबडी ह्यांनी सहाला आणून अंगणात शिजत घातलेली. मी आले, वर गोळे सोडले, ओव्हन लावला. बरोबर साडेआठला पानं. नानांनी रस्सा ओरपला, वरचे पाच गोळे चट्टामट्टा केले, पुन्हा तीन मागितले. मी मनात म्हटलं, जिंकलीस मालती.

हात धुवायच्या आधी नाना म्हणाले, "चांगलं शे. आते भाकर आन."

*

श्रावण लागला. कोंबडी बंद. मला वाटलं, महिना फुकट गेला. पण अक्कांनी ओट्यावरून येणारा भाजलेल्या पिठाचा वास पंधरा दिवस घेतलेला होता. एका सकाळी त्या हळूच म्हणाल्या, "मालती, त्याच्यात खाली डाळ आणि गिलकी घातली तर चालेल का गं? वांगं नको, चातुर्मास आहे."

चालेल की. न चालायला काय झालं? फक्त त्या ओव्हनमध्ये कोंबडी शिजलेली, तेव्हा तो आधी शुद्ध व्हायला हवा. "ते मी बघते," अक्का म्हणाल्या.

मी ड्यूटीवर गेले. अक्कांनी ओव्हन घेतला. चिंच लावून घासला, राखेनं घासला, मग अंगणातल्या हौदात चांगला बुडवला, वायरीसकट. तासभर उन्हात पालथा घातला. वर दोन थेंब गोमूत्र. मी सात वीसला आले तेव्हा तो असा झळकत होता की प्रदर्शनात पण नव्हता. मी बटण दाबलं. ओव्हननं एकदा 'टुक' केलं, आणि रेडिओसकट आख्ख्या घराचे दिवे गेले.

अंधारात अक्कांचा आवाज आला, "शुद्ध मात्र झाला."

दिवे दुसऱ्या दिवशी आले. ओव्हन परत चालू झाला नाही तो नाहीच.

*

पोळा झाला, श्रावण सुटला आणि दुसऱ्याच दिवशी हे हौसेनं कोंबडी घेऊन आले. ओव्हन नाही हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मी घरी आले तर रस्सा उकळतोय, सवयीनं मी पीठही भिजवून टाकलं, साडेसात वाजलेले, आणि भाजायचं कशावर? भाकऱ्या थापायला बसले तर साडेनऊ ठरलेले. मी ओट्यावर मटकन बसले. नाना खाटेवरून बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, सांगितलं होतं.

त्यांनी विचारलं, "बट्टीले लाइट लागस का?"

शेतात भंडारा असला की बट्ट्या, म्हणजे जाड्या पिठाचे गोळे, भाजायचं काम नानांचं. शंभर माणसांच्या बट्ट्या गोवरीच्या निखाऱ्यात भाजणारा माणूस तो. उठले, अंगणात गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. माझं भिजवलेलं पीठ बोटानं दाबून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "हाई लापशी शे." आतून बट्टीचं जाडं पीठ मागवलं, त्यात ओवा, हळद, तुपाचं मोहन. दही आणि सोडा मात्र माझाच ठेवला. चपटे गोळे करून रश्श्यावर मांडले, जाड पातेल्यावर लोखंडी तवा पालथा घातला आणि तव्यावर निखारे.

पंचवीस मिनिटांनी झाकण काढलं. वरून खरपूस, खालून रश्श्यात भिजलेलं. सगळे ताटावर वाकून खात होते. त्या दिवशी भाकर कोणी मागितली नाही.

पुढच्या बुधवारी मी सात वीसला आले तर अंगणात निखारे तयार होते आणि नाना खाटेवर पेपर वाचत बसले होते. निखाऱ्यांकडे बघतही नव्हते. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी केलं नसतं, एवढं मला कळत होतं.

पण नोकरीचं? त्याबद्दल ते चकार शब्द काढेनात. दसरा गेला. दिवाळी आठ दिवसांवर आली. मी रोज हेडसेट काढून ठेवताना मोजत होते, आणखी किती वेळा लावायला मिळेल.

*

आता शेवटचा, आणि मग चहा टाकते.

माझी नणंद निर्मला धुळ्याला दिलेली. तिला दिवाळीसाठी माहेरी आणायला नाना स्वतः गेले. निर्मलाला तिथल्या शाळेत दुपारच्या पाळीची नोकरी चालून आली होती आणि तिचे सासरे, आबा, नको म्हणत होते. शाळा सहाला सुटणार, मग संध्याकाळचं कोण बघणार? हे तिनं पत्रात लिहिलेलं मी वाचलं होतं. नानांनी पण वाचलं होतं. वाचून त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं.

बुधवार होता. संध्याकाळी साडेसहाला धुळ्याची लाइन लागली. शैला म्हणाली, "मालती, कॉल तुलाच आहे. तुझे सासरे, नणंदेच्या घरून. घाबरू नको, बरे आहेत, पण भारी घाईत आहेत."

मी घाबरलेच. नानांनी जन्मात कधी फोन लावला नव्हता. मला वाटलं, तिकडे व्याह्यांशी बोलणं झालं आणि माझा निकाल लागला. हेडसेट कानावर घट्ट दाबला. मी म्हटलं, "बोला नाना."

"दही किती घालस तू?" नाना ओरडले. फोन लांबचा म्हणजे ओरडायचं, अशी त्यांची समजूत. "पटकन सांग. कोंबडी शिजी गई. आठे आबाकडे सगळा माझ्या तोंडाकडे देखी ऱ्हायनात."

मी सांगितलं. एक वाटी. सोडा चिमूटभर. ते प्रत्येक गोष्ट मोठ्यानं परत म्हणत होते, तिकडे निर्मला भिजवत असावी. मागून आबांचा आवाज आला. व्याह्यांच्या घरी पाहुण्यानं अंगणात निखारे करत बसावं हे त्यांना बघवत नव्हतं. "नाना, हे बायकांचं काम. सोडा आता."

"आमनी सून सातले सुटस," नाना म्हणाले. "मी निखारे करी ठेवस. साडेआठले जेवतस आम्ही. तुम्हना हातले काय झायं?"

आबा हसले. म्हणाले, "तुमची सून अजून आठ दिवसच ना? दिवाळीपर्यंतच ठेवणार म्हणून तुम्हीच सांगितलं होतं की आम्हाला."

माझ्या बोर्डावर तीन दिवे लागले होते, तीन गावं मला बोलावत होती, आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही.

मग नाना म्हणाले, "दिवाळीपर्यंत सांगेल व्हतं, खरं शे. कोनती दिवाळी, ते कोठे सांगेल व्हतं?"

आणि लगेच पुन्हा माझ्या कानात ओरडले, "हां मालती, आते तूप सांग."